नवा लाकूडकामाचा लेथ विकत घेण्यापूर्वी तो कसा पारखावा

लाकूड कातण्यासाठी मी पहिला लेथ घेतला तेव्हा मोटरची ताकद आणि बाहेरून दिसणारा भक्कमपणा एवढ्याच दोन गोष्टी पाहिल्या होत्या. यंत्र घरी आले, बसवले, आणि पहिल्याच महिन्यात दोन दोष उघडे पडले. त्याचा सर्वांत कमी वेग मिनिटाला ७५० फेरे होता. त्यावर २८० मिमी व्यासाचा वेडावाकडा ओंडका लावून यंत्र सुरू करताच स्टँडसह सगळे यंत्र जमिनीवर सरकू लागले. दुसरा दोष त्याहून छुपा होता. मुठींसाठी पाडलेली भोके तोंडाशी नेहमी सैल व्हायची आणि मी कित्येक दिवस गिरमिटाला दोष देत राहिलो. प्रत्यक्षात टेलस्टॉकचे (लाकडाला उजव्या बाजूने आधार देणाऱ्या सरकत्या भागाचे) टोक स्पिंडलच्या (मोटरने फिरणाऱ्या दांड्याच्या) रेषेत नव्हतेच. हे दोन्ही दोष दुकानात दहा मिनिटांत कळण्यासारखे होते. माहितीपत्रकात ताकद, लांबी आणि वजन छापलेले असते. रेष, डगमग आणि पकड मात्र कोठेही छापलेली नसते, आणि रोजच्या कामात याच तीन गोष्टींशी तुमची गाठ पडते. त्या स्वतःच्या हातांनी कशा तपासाव्यात, हे पुढे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी काय कातणार ते ठरवावे

लेथवरचे काम ढोबळमानाने दोन प्रकारचे असते. एका प्रकारात लाकडाचे तंतू यंत्राच्या आसाला समांतर असतात आणि लाकूड दोन टोकांमध्ये धरलेले असते. टेबलाचे पाय, कठड्याचे दांडे, हत्यारांच्या मुठी, पेन, भोवरे ही सारी या प्रकारातली कामे. दुसऱ्या प्रकारात तंतू आसाला आडवे असतात आणि लाकूड फक्त हेडस्टॉकच्या, म्हणजे स्पिंडल बसवलेल्या डाव्या भागाच्या बाजूने चकवर (जबड्यांनी लाकूड पकडणाऱ्या साधनावर) किंवा फेसप्लेटवर (स्क्रूंनी लाकूड बसवायच्या चकतीवर) धरलेले असते. वाडगे, थाळ्या आणि रुंद भांडी या प्रकारात येतात. पहिल्या प्रकाराला लांब बेड (ज्यावर यंत्राचे सारे भाग बसतात ते आडवे रूळ), अचूक टेलस्टॉक आणि बऱ्यापैकी जास्त वेग लागतो. दुसऱ्याला मोठा व्यास, जड यंत्र, जाड स्पिंडल आणि अत्यंत कमी वेगापासून सुरुवात करण्याची सोय लागते.

दोन्ही गोष्टी करायच्या असतील तर निवड वाडग्यांच्या गरजेने करावी, असे माझे ठाम मत आहे. वाडगे नीट पेलणाऱ्या लेथवर पेन सहज कातता येते. उलट पेनसाठी बनवलेल्या यंत्राकडून मोठे वाडगे करवून घेणे त्रासाचे आणि धोक्याचेही असते. बेड आखूड पडला तर पुष्कळ यंत्रांना जोडतुकडा लावता येतो, पण बेडपासून स्पिंडलची उंची नंतर वाढवता येत नाही.

२. सोबत न्यायची साधने आणि मागून घ्यायची कागदपत्रे

दुकानात जाताना एक छोटी पिशवी भरून न्यावी. विक्रेत्याला आधी कळवले तर हरकत घेणारे सहसा भेटत नाहीत, आणि जो हातच लावू देत नाही त्याच्याकडून यंत्र न घेतलेले बरे.

- चुंबकी बैठकीचा डायल गेज (सुईने बारीक फरक दाखवणारे मापक)
- पोलादी पट्टी, गुण्या आणि मोजपट्टी
- फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच), तो नसल्यास पातळ कागदाचे काही तुकडे
- यंत्राच्या मोर्स टेपरला (स्पिंडल व टेलस्टॉकमधल्या ठरावीक मापाच्या निमुळत्या भोकाला) बसणारी, न फिरणारी दोन टोकदार सेंटर, म्हणजे लाकूड टोकाशी धरणारे सुळे
- सारख्या रुंदीच्या दोन सरळ पट्ट्या, स्पिरिट लेव्हल आणि टॉर्च
- ५० मिमी चौरस आणि २५० मिमी लांब असा एक कोरडा, गाठ नसलेला तुकडा
- धार लावलेले एक गाऊज (पन्हळीच्या आकाराची कातण्याची छिन्नी) आणि चेहरा पूर्ण झाकणारी ढाल

कागदपत्रांमध्ये वापरपुस्तिका, सुट्या भागांचा क्रमांकांसहित आराखडा, कारखान्यातील तपासणीचा अहवाल असल्यास तो, हमीपत्र आणि यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेले बिल मागावे. सुट्या भागांच्या आराखड्याला मी हमीपत्रापेक्षाही जास्त महत्त्व देतो. हमी ठरावीक काळात संपते, पण बेअरिंगचा किंवा पट्ट्याचा क्रमांक माहीत असला तर तो भाग बनवणाऱ्याकडूनच घेण्याची गरज उरत नाही.

३. छापलेली मापे स्वतः मोजावीत

स्विंग म्हणजे बेडवर फिरू शकणाऱ्या लाकडाचा जास्तीत जास्त व्यास. स्पिंडलच्या मध्यापासून बेडपर्यंतचे अंतर मोजून दुप्पट केले की तो मिळतो. १५० मिमी अंतर असेल तर स्विंग ३०० मिमी. मात्र लाकडाच्या खाली टूल रेस्टचा (कातताना हत्यार टेकवायच्या पट्टीचा) आधार, ज्याला बँजो म्हणतात, तो सरकवावा लागला तर एवढी जागा उरत नाही. बँजोची जाडी ४५ मिमी असेल तर व्यास ९० मिमीने घटतो आणि ३०० मिमीच्या यंत्रावर लांब कामासाठी प्रत्यक्षात २१० मिमीच मिळतात. नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत येथे होते, कारण माहितीपत्रकावर फक्त मोठा आकडा असतो.

केंद्रांमधील, म्हणजे हेडस्टॉक आणि टेलस्टॉकच्या टोकांमधील अंतराचेही तसेच आहे. ४०० मिमी वाचताना पुष्कळ वाटतात, पण १५० मिमी लांबीच्या तुकड्यात आरपार भोक पाडायचे झाले तर चकला सुमारे १०० मिमी, लाकडाला १५०, बाहेर राहणाऱ्या गिरमिटाला १७० आणि ड्रिल चकला (टेलस्टॉकमध्ये गिरमीट धरणाऱ्या चकला) ८० असे मिळून ५०० मिमी लागतात. तुमच्या नेहमीच्या कामाची अशी बेरीज घरी करून ठेवावी. क्विल, म्हणजे टेलस्टॉकमधली पुढे-मागे सरकणारी नळी, किती बाहेर येते तेही मोजावे. ती ६० मिमीच येत असेल तर खोल भोक पाडताना मध्येच थांबून टेलस्टॉक पुढे सरकवावा लागतो. नळीवर मापाच्या रेषा कोरलेल्या असतील तर ती मोठी सोय ठरते.

४. मोटर आणि वेग

विक्रेता सर्वांत जास्त वेग सांगेल. तुम्ही सर्वांत कमी वेग विचारावा. कातकाम करणाऱ्यांमध्ये एक जुना ठोकताळा आहे: लाकडाचा इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० या दरम्यान ठेवावा. २ इंचांच्या दांड्याला यावरून ३००० ते ४५०० फेरे येतात आणि १२ इंचांच्या वाडग्याला ५०० ते ७५०. हा ठोकताळा गोल आणि तोल साधलेल्या लाकडासाठी आहे. कुऱ्हाडीने तासलेला कच्चा गोळा लावला असेल तर सुरुवात याच्या निम्म्याहूनही कमी वेगाने करावी लागते. माझा २८० मिमीचा, म्हणजे ११ इंचांचा ओंडका ७५० फेऱ्यांवर फिरत होता तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर होता. तो निसटला असता तर काय झाले असते याचा विचारही आज नकोसा वाटतो. मोठे वाडगे करायचे असल्यास किमान वेग १०० फेऱ्यांच्या आसपास असावा. फक्त दांडे आणि पेन करायचे असतील तर ५०० चालून जाईल.

वेग बदलण्याच्या रीती तीन. पायऱ्यांच्या पुलीवर पट्टा हाताने सरकवण्याची रीत सर्वांत साधी आणि दीर्घायुषी, पण दर वेळी झाकण उघडावे लागत असल्याने माणूस कंटाळतो आणि चुकीच्या वेगावरच काम रेटतो. दुसऱ्या रीतीत पुलीच्या दोन चकत्या जवळ-लांब होऊन वेग बदलतो. हा प्रकार आवाज जास्त करतो, झिजतो, आणि त्यात किमान वेग बहुधा पुरेसा खाली येत नाही. तिसरी रीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची आहे, आणि आजच्या यंत्रांत तीच घ्यावी असे मी सुचवेन.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाबाबत एक गोष्ट समजून घेणे फार आवश्यक आहे. अशी मोटर हळू फिरवली की तिचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, साधारण तेवढाच राहतो, पण ताकद वेगाच्या प्रमाणात घटते. दीड हॉर्सपॉवरची मोटर पाचव्या हिश्शाच्या वेगावर जेमतेम ०.३ हॉर्सपॉवर देते. म्हणून नियंत्रणाच्या जोडीला दोन किंवा तीन पायऱ्यांची पुलीही असावी. पट्टा हळू पायरीवर घातला की मोटर वेगात फिरते, स्पिंडल हळू फिरतो आणि त्याला पीळ भरपूर मिळतो. एकाच पायरीत शून्यापासून ४००० पर्यंत सारे देऊ करणारी छोटी यंत्रे मोठ्या लाकडावर हमखास अडखळतात.

मोटरची छापील ताकद खरी आहे का, हे तिच्यावरच्या पट्टीवरून अजमावता येते. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. २३० व्होल्टच्या मोटरवर ५ अँपिअर लिहिले असेल तर ती पूर्ण भाराला आत घेणारी शक्तीच जास्तीत जास्त ११५० वॅट आहे. त्यातली काही उष्णतेत जाते, त्यामुळे तिला कोणी २ हॉर्सपॉवर, म्हणजे १४९२ वॅट म्हणत असेल तर ते शक्य नाही. मोटर इंडक्शनची आहे की कार्बन ब्रशची हेही विचारावे. ब्रशची मोटर वाईट नसते, मात्र ब्रश झिजतात, म्हणून ते बाहेरून बदलता येतात का ते पाहावे.

५. स्पिंडलचे आटे आणि मोर्स टेपर

चक आणि फेसप्लेट स्पिंडलवरच्या आट्यांवर बसतात, त्यामुळे आट्यांचे माप चारचौघांत चालणारे असले पाहिजे. मध्यम आकाराच्या पुष्कळ लेथवर १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे, मोठ्यांवर सव्वा इंच व्यास आणि इंचाला ८ आटे, तर युरोपीय धाटणीच्या यंत्रांवर ३३ मिमी व्यास आणि ३.५ मिमी अंतराचे आटे आढळतात. यांपैकी काही असेल तर चक सहज मिळतो. वेगळेच माप असेल तर आयुष्यभर जोडसाधने शोधत बसावे लागते.

स्पिंडल आणि टेलस्टॉक या दोन्हींत आतून मोर्स टेपर असतो. नव्या यंत्रात तो २ क्रमांकाचा असावा. १ क्रमांकाचा टेपर अगदी छोट्या यंत्रांपुरता ठीक आहे. टॉर्च लावून टेपरमध्ये पाहावे, बोट फिरवून ओरखडे किंवा बुरे (धातूच्या उंचावलेल्या कडा) लागतात का ते जाणून घ्यावे. स्पिंडल आरपार पोकळ असावा, म्हणजे मागून सळई घालून सेंटर ठोकून काढता येते. टेलस्टॉकची क्विल पूर्ण मागे नेली की आतले सेंटर आपोआप सुटले पाहिजे. हे तेथेच करून पाहावे.

यंत्र उलट फिरत असेल तर घासकामाला ते उपयोगी पडते, परंतु उलट फिरताना चक आट्यांवरून सुटू शकतो. चक अडवण्यासाठी स्पिंडलवर खाच आणि चकला अडवस्क्रू, अशी जोडी असल्याशिवाय ती सोय वापरू नये.

६. दोन्ही टोके एका रेषेत आहेत का

साऱ्या तपासणीत मी सर्वाधिक वेळ येथे देतो आणि तुम्हीही द्यावा.

प्रथम यंत्र सपाट उभे आहे का ते पाहावे. पाय असमान टेकले असतील तर बेड पिळवटतो आणि निर्दोष यंत्रसुद्धा रेषेबाहेर दिसते. सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या बेडच्या दोन टोकांना आडव्या ठेवून एका बाजूने डोळा लावावा. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. त्या तिरप्या दिसल्या तर पायाखालचे स्क्रू फिरवून पीळ काढावा आणि मगच पुढे जावे. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे चांगली यंत्रे नाकारली गेलेली मी पाहिली आहेत.

आता दोन्ही टेपर फडक्याने पुसून टोकदार सेंटर बसवावीत. हेडस्टॉकमधले सेंटर हाताने फिरवून त्याचे टोक जागच्या जागी राहते की लहानसे वर्तुळ काढते ते पाहावे. वर्तुळ काढत असेल तर दोष सेंटरचा किंवा टेपरचा आहे. सेंटर काढून अर्धा वळसा देऊन पुन्हा बसवावे: चूक सेंटरबरोबर फिरली तर सेंटर सदोष, जागीच राहिली तर स्पिंडलचा टेपर सदोष.

मग टेलस्टॉक पुढे आणून दोन टोकांमध्ये कागद जाण्याइतकी फट ठेवावी आणि टेलस्टॉक घट्ट करावा. वरून आणि समोरून, अशा दोन्ही दिशांनी पाहावे. पाठीमागे पांढरा कागद धरला तर फरक स्पष्ट दिसतो. यानंतर टेलस्टॉक थोडा मागे नेऊन क्विल पूर्ण बाहेर काढून टोके पुन्हा जवळ आणावीत. क्विल आत असताना टोके जुळतात आणि बाहेर काढल्यावर जुळत नाहीत, असे झाले तर क्विलची दिशा स्पिंडलशी समांतर नाही. माझ्या पहिल्या यंत्राचा दोष हाच होता. सेंटर जवळ असताना सारे छान दिसायचे, आणि गिरमीट पुढे सरकू लागले की ते बाजूला जायचे.

तिसरी चाचणी बहुतेक जण करत नाहीत. टेलस्टॉकच्या तळाचा उंचवटा बेडच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत बसतो आणि त्याला थोडी मोकळीक ठेवलेली असते. टेलस्टॉक स्वतःकडे ओढून घट्ट करावा व टोके पाहावीत. मग सैल करून पलीकडे ढकलून घट्ट करावा व पुन्हा पाहावीत. दोन्ही वेळच्या जागांत अर्धा मिलिमीटर फरक दिसत असेल तर ते यंत्र भोके पाडण्याच्या कामाला दर वेळी वेगळे वागेल. थोडासा फरक प्रत्येक यंत्रात असतो, आणि टेलस्टॉक नेहमी एकाच बाजूला ओढून घट्ट करण्याची सवय लावली की तो त्रास देत नाही.

हेडस्टॉक वळणारा किंवा सरकणारा असेल तर तो एकदा हलवून पुन्हा मूळ जागी आणावा आणि ही सारी चाचणी परत करावी. वळणारा हेडस्टॉक मोठ्या वाडग्यांना फार सोयीचा असतो, पण तो खुंटीच्या आधाराने अचूक परतला नाही तर दर वेळी रेष लावत बसावे लागते.

किती फरक चालेल? टोकांमधला फरक डोळ्याला दिसत नसेल तर दांड्यांच्या कामाला पुरेसे आहे. उभ्या दिशेत किंचित फरक असेल तर हेडस्टॉकखाली पातळ पत्रा घालून तो काढता येतो, पण त्यासाठी हेडस्टॉकचे टोक टेलस्टॉकच्या टोकापेक्षा खाली असले पाहिजे. टेलस्टॉक खाली असेल तर ते काम जिकिरीचे होते, कारण तो सरकता भाग आहे. नव्या यंत्राच्या बाबतीत ही दुरुस्ती विक्रेत्याने करून द्यावी. स्वतः करण्याची तयारी दाखवून सौदा करू नये.

७. बेअरिंग आणि डगमग

पट्टा सैल करून स्पिंडल हाताने फिरवावा. तो एकसारखा, बिनआवाज फिरला पाहिजे; बोटांना खरखर जाणवली तर बेअरिंगमध्ये कचरा तरी आहे किंवा ती बसवताना ठोकली तरी गेली आहेत. डायल गेजची टोकणी स्पिंडलच्या आट्यांमागच्या गुळगुळीत भागावर टेकवून एक फेरा द्यावा. सुई ०.०२ ते ०.०३ मिमीच्या आत राहिली तर उत्तम, ०.०५ पर्यंत लाकूडकामाला चालते. चक ज्या उभ्या खांद्याला टेकतो त्यावरही हेच करावे, कारण खांदा वाकडा असेल तर चक वाकडाच बसतो. शेवटी फेसप्लेट धरून स्पिंडल पुढे-मागे ओढावा. ठक असा आवाज आला तर बेअरिंगवरचा दाब नीट लावलेला नाही.

नंतर यंत्र रिकामे चालवून वेग सावकाश खालून वर न्यावा. हेडस्टॉकवर एक नाणे काठावर उभे ठेवावे. बहुतेक यंत्रांत एखाद्या विशिष्ट वेगाला थोडी थरथर येते, ती दोष नव्हे. परंतु सगळ्याच वेगांना नाणे पडत असेल तर पुली असंतुलित आहे किंवा पट्ट्यात गाठ बसली आहे. कारखान्यात ताणून ठेवलेला नवा पट्टा पहिल्या काही मिनिटांत ठकठक करतो, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी यंत्र किमान दहा मिनिटे चालू द्यावे.

८. बँजो आणि टूल रेस्ट

काम करताना हात सर्वाधिक वेळा बँजोकडेच जातात. एक लहान वाडगा करताना तो वीस-तीस वेळा हलवावा लागतो. त्यामुळे तो एका हाताने सरकला पाहिजे आणि मुठीच्या एका झटक्यात आवळला गेला पाहिजे. आवळल्यावर टूल रेस्टच्या टोकावर दोन्ही हातांनी शरीराचा भार द्यावा. तो खाली झुकला, वळला किंवा बँजो घसरला तर आवळणाऱ्या बोल्टची खालची नट फिरवून पाहावी. तरीही घसरत असेल तर खालची पकडपट्टी लहान किंवा वाकडी आहे. फिरत्या लाकडात हत्यार अडकते तेव्हा सारा झटका याच पकडीवर येतो.

टूल रेस्ट पुरेसा खाली जातो का हेही पाहिलेच पाहिजे. गाऊजची जाडी १२ ते १६ मिमी असते आणि धार बहुधा मध्यरेषेच्या आसपास लागते, म्हणून रेस्टची वरची कड मध्यरेषेच्या किमान २० मिमी खाली गेली पाहिजे. छोट्या यंत्रांत ती जात नाही आणि मग प्रत्येक काप अवघडलेल्या हाताने घ्यावा लागतो. रेस्टच्या दांड्याचा व्यास मोजून लिहून ठेवावा. २५ मिमी किंवा १ इंच असेल तर वेगवेगळ्या आकारांचे रेस्ट नंतर घेता येतात. वरची कड खडबडीत असेल तर चिंता नको. ती कानशीने साफ करता येते.

९. स्विच आणि सुरक्षितता

बंद करण्याचा लाल स्विच फिरणाऱ्या लाकडाच्या वरून हात न नेता पोहोचण्याजोगा असावा. हेडस्टॉकच्या डाव्या टोकाला घट्ट बसवलेला स्विच वाडगा निसटू पाहत असताना निरुपयोगी ठरतो. चुंबकावर सरकवता येणारा स्विचचा डबा त्यापेक्षा पुष्कळ चांगला. मग एक साधी चाचणी करावी: यंत्र हळू वेगावर चालू असताना भिंतीवरून वीज बंद करावी आणि स्पिंडल थांबल्यावर पुन्हा सुरू करावी. यंत्र आपोआप फिरू लागले तर ते घेऊ नये. वीज गेल्यावर माणूस लाकडाजवळ हात नेतो, आणि ती कधी परत येईल ते कोणाच्याच हातात नसते.

स्पिंडल अडवण्याची खुंटी खोचलेली असताना मोटर सुरू झाली तर काय होते, हे पुस्तिकेत वाचावे. चांगल्या यंत्रात ती धरून ठेवल्याशिवाय आत राहतच नाही. अर्थिंगची तार यंत्राच्या सांगाड्याला जोडलेली आहे याची खात्री करून घ्यावी.

१०. उंची, वजन आणि जागा

स्पिंडलचा मध्य तुमच्या कोपराच्या उंचीवर असावा. काम करताना घालायचे बूट घालूनच हे मोजावे. यंत्र खाली पडत असेल तर पायाखाली ठोकळे देता येतात, वर पडत असेल तर उभे राहायला फळी करावी लागते. वजन जितके जास्त तितके चांगले, पण दारातून आणि जिन्यावरून ते कसे जाणार याचा विचार आधी करावा. हेडस्टॉक आणि टेलस्टॉक बेडवरून काढता येत असतील तर दोघांना उचलणे शक्य होते. हलक्या स्टँडला तळाशी फळी लावून वाळूची पोती ठेवली की थरथर पुष्कळ कमी होते.

११. स्वतः एक तुकडा कातून पाहावा

सोबत नेलेला चौरस तुकडा दोन केंद्रांमध्ये लावून, चेहऱ्यावर ढाल घेऊन, हातमोजे न घालता आणि बाह्या आवळून तो गोल करावा. मोटर दबते का, वेग मध्येच घटून पुन्हा सावरतो का, बँजोची मूठ आपल्या गुडघ्याला किंवा हत्याराच्या दांड्याला अडते का, हे येथेच कळते. यंत्र सुरू करताना लाकडाच्या फिरण्याच्या रेषेत उभे राहू नये.

शक्य असेल तर तोच तुकडा चकमध्ये धरून टेलस्टॉकच्या ड्रिल चकने १० मिमीचे भोक पाडावे आणि गिरमिटाचे मागचे टोक त्यात घालून पाहावे. तोंडाशी सैल आणि आत घट्ट लागले तर सहाव्या पायरीतली तपासणी पुन्हा करावी.

१२. सौदा आणि यंत्र घरी आल्यावर

यंत्राच्या किमतीत नेमके काय येते याची लेखी यादी घ्यावी. चक बहुधा वेगळा असतो. त्याच्याबरोबर तीन-चार चांगली हत्यारे, धार लावण्याचा ग्राइंडर, चेहऱ्याची ढाल आणि धूळ रोखणारा मुखवटा या गोष्टी लागतातच, आणि माझ्या बाबतीत त्यांचा एकत्रित खर्च यंत्राच्या खर्चाच्या जवळ गेला होता. सगळे पैसे यंत्रात घालून बोथट हत्यारांनी काम करण्यापेक्षा एक पायरी लहान यंत्र घेऊन ग्राइंडर घेणे शहाणपणाचे आहे.

दुकानात पाहिलेले यंत्र आणि खोक्यातून येणारे यंत्र एकच नसते, हे लक्षात ठेवून परत करण्याची मुदत किती आणि वाहतुकीचा खर्च कोणाकडे, हे बिलावर लिहून घ्यावे. खोके आले की उघडण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि ते कोठे दबलेले असेल तर पावतीवर तसे लिहूनच सही करावी. ओतीव लोखंडाच्या भागांवर गंजरोधक चिकट लेप असतो. तो रॉकेलने पुसून बेडवर मेण चोळावे. त्यानंतर अनुक्रमांक जुळवून पाहावा, आणि सहाव्या, सातव्या व आठव्या पायरीतली सारी तपासणी पहिल्या दोन दिवसांतच पुन्हा करावी. आठवडाभर रोज थोडे काम केल्यावर पट्टा, हेडस्टॉकचे बोल्ट आणि स्टँडचे नट एकदा आवळावेत, कारण नवे सांधे बसताना सैल होतात.

दोष आढळला तर विक्रेत्याला लेखी कळवावे आणि सोबत डायल गेजच्या सुईचे किंवा न जुळणाऱ्या टोकांचे छायाचित्र द्यावे. "यंत्र नीट चालत नाही" असे सांगितलेल्या माझ्या पहिल्या तक्रारीला महिनाभर उत्तर आले नव्हते. "क्विल ५० मिमी बाहेर असताना टोक पाऊण मिलिमीटर बाजूला जाते" असे छायाचित्रासह लिहिल्यावर चार दिवसांत नवा टेलस्टॉक आला.